ठसे उगवेपर्यंत

लेकीचा परदेशातला संसार नवा नवा होता तेव्हाची गोष्ट. सासूबाई पहिल्यांदाच तो बघायला आल्या होत्या आणि जेवण झाल्यावर जरा आडव्या झाल्या होत्या. तिथल्या भिंती पुठ्ठ्याच्या असाव्यात तशा. पलीकडे स्वयंपाकघरात लेक आणि जावई भांडत होते, आणि कशावरून, तर एका कढईवरून. लेकीने कढई घासून पालथी घातली होती. जावयांनी ती उचलली, नाकाशी नेली आणि गुपचूप पुन्हा घासायला घेतली.

"तुम्ही माझी कढई हुंगलीत?" लेक म्हणाली.

"हुंगली नाही गं. सहज नाकाजवळ आली."

मग लेकीने माहेरच्या सगळ्या हंड्याकळशा साक्षीला काढल्या. शेवटी म्हणाली, आजपासून या घरातल्या खरकट्या भांड्याला मी हात लावला तर नाव बदलीन. जावई म्हणाले, "बरं."

सासूबाई ताडकन उठून बसल्या. मुलगी चिडली म्हणून नव्हे, ती लहानपणापासून तशीच. पण ते 'बरं' इतकं मनापासून आलं होतं की ऐकणाऱ्याला वाटावं, जावयाला कुणी जमीन लिहून दिली. सासूबाईंनी आपल्या उभ्या जन्मात, भांडी घासायला मिळाली म्हणून खूश झालेला पुरुष पाहिला नव्हता. आधी त्यांना वाटलं, पोरीचं नशीब फुटलं. मग जरा विचार केल्यावर वाटलं, नाही, उघडलं.

जावयांचा धंदाच तो. एका मोठ्या हॉटेलच्या मागच्या बाजूला, जिथे गिऱ्हाईक कधी फिरकत नाही, तिथे ते भांडी घासायचे. पातेली एवढाली की आत मूल बसवून आंघोळ घालावी. ताटंवाट्या धुवायला तिथे मशीन होतं, पण मोठ्या भांड्यांना ते मशीनला हात लावू देत नसत. हातमोजेही मिळायचे. ते खिळ्याला टांगलेले असायचे. मोजे घालून घासायचं म्हणजे डोळ्यांवर रुमाल बांधून वाचायचं, असं त्यांचं म्हणणं. ओशटपणा बोटाला कळतो आणि उरलासुरला नाकाला. असे हॉटेलात घासून घरी यायचे, आणि घरची भांडी बघून त्यांना पुन्हा हुरूप यायचा. सगळ्यात शेवटी चहाचं गाळणं ठोकून खिळ्याला लावायचं, कचऱ्याची पिशवी घेऊन खाली जायचं, की त्यांचा दिवस संपला.

त्यांची तक्रार एकच होती, फोनची. सगळ्यांचे फोन बोट टेकवलं की उघडतात, त्यांचा उघडायचा नाही. दुकानदाराने बदलून दिला, तोही उघडेना. जावई म्हणायचे, फोन शिष्ट आहे, कामगार माणसाला ओळख देत नाही. आकडे दाबून उघडायचे आणि सोडून द्यायचे.

अशी कितीतरी वर्षं गेली. राहण्याची परवानगी थोडी थोडी वाढवून मिळायची. मग कायदा बदलला. आता वाढवून मिळणार नाही. एक तर कायमचं राहण्याचा परवाना घ्या, नाहीतर सामान बांधा. लेकीने काढलेलं पाळणाघर नुकतं रांगेला लागलं होतं, घरात शाळेत जाणारं मूल होतं. जावयांनी अर्ज भरला. कागद सगळे बरोबर निघाले. बोटांचे ठसे तेवढे द्यायचे राहिले, आणि ते काय, बोटं तर बरोबरच असतात.

त्या वेळी सासूबाई तिथेच होत्या, म्हणून त्याही ऑफिसात गेल्या. खिडकीशी बसलेल्या मुलीने जावयांचा अंगठा काचेवर ठेवायला लावला. मशीन जरा वेळ विचारात पडलं आणि लाल झालं. तिने काच पुसली. अंगठा पुसला. जरा तेलकट व्हावा म्हणून कपाळावर घासून ठेवा म्हणाली, तेही केलं. दहाही बोटं झाली. लाल ते लालच.

"मशीन म्हणतंय, इथे कुणी नाही," ती म्हणाली.

"मी आहे ना," जावई म्हणाले, आणि खात्री पटावी म्हणून जरा पुढे वाकले.

मुलगी भली होती. तिने त्यांचा हात पालथा केला, उताणा केला, आणि काय काम करता ते विचारलं. मग हसू दाबून सांगितलं की साबणाने आणि तारेच्या घासणीने रेघा पार झिजल्यात. पण कातडी नवी येते. पुढच्या महिन्याची तारीख देते, तोवर हात पाण्यात घालू नका, तेल लावा. तेव्हाही मशीनने ओळखलं नाही तर अर्ज बाद होईल, आणि त्यापुढे तिच्या हातात काही नाही.

जावयांचा चेहरा असा झाला की जणू श्वास घेऊ नका म्हणून सांगितलंय.

हॉटेलातून रजा काढली. लेकीने खोबरेल तेलाची बाटली आणि पांढरे सुती मोजे आणले. रोज सकाळी ती नवऱ्याला खिडकीशी बसवून भिंगातून एकेक बोट बघायची, कोथिंबीर पेरलेल्या कुंडीत बघावं तशी. अजून काही वर आलं नाही, म्हणायची. उरलेला दिवस जावई दोन्ही हात पुढे धरून बसायचे, नखांना रंग लावून तो वाळायची वाट बघत असल्यासारखे.

आता प्रश्न आला भांड्यांचा. लेक म्हणाली, मी शब्द दिलाय. कुणाला दिला, तो मोडला तर कोण विचारणार आहे, असं सासूबाईंनी विचारून बघितलं. लेक म्हणाली, नाव बदलावं लागेल, आणि एक अर्ज आधीच चालू आहे. म्हणून सासूबाईंनीच पदर खोचला.

पहिल्याच दिवशी त्यांना मुलीच्या जुन्या भांडणाचा पुरता उलगडा झाला. जावई पांढरे मोजे घालून दारात उभे राहायचे, जादूगारासारखे. बोलायचे काही नाहीत. पण वाटी ठेवली की मान कणभर कलायची. न राहवून हळूच म्हणायचे, "आई, कडेला." सासूबाई कड घासायच्या. "आई, कडेच्या खाली." चार दिवसांत सासूबाईंची कंबर धरली. कंबर खरी किती आणि खोटी किती ते त्यांचं त्यांनाच ठाऊक, पण त्या झोपून राहिल्या ते राहिल्याच.

ढीग वाढला. ताटं संपली तशी झाकणात जेवणं झाली. झाकणं संपल्यावर पोळपाटावर वाढलं. एका सकाळी सासूबाईंना चहा फुलदाणीतून मिळाला, आणि तो त्यांनी फुलदाणी नाजूक आहे असं म्हणत घेतला. जावई सिंककडे पाठ करून बसू लागले. त्यांचं वजन उतरलं.

आणि तेवढ्यात एक दिवस फोन उघडला. तेल लावण्यासाठी मोजा काढला होता, बोट सहज टेकलं आणि फोन आपणहून उघडला. लेकीने भिंग आणलं. रेघा आल्या होत्या, बारीक, पण आल्या होत्या. ऑफिसची तारीख दुसऱ्याच दिवशी होती.

त्याच संध्याकाळी दूध करपलं. घरात उरलेलं शेवटचं स्वच्छ पातेलं ते, तेही बुडाला काळंठिक्कर झालं. लेक आणि सासूबाई फोनच्या आनंदात होत्या. वास आधी कळला तो जावयांना. सासूबाई कंबर विसरून धावल्या तर जावई सिंकपुढे उभे, मोजे दातांनी ओढून काढत होते. लेक त्यांच्या आणि पातेल्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"हात मागे घ्या."

"अगं, करपलेलं दूध आहे. आत्ता नाही घासलं तर ते पातेलं कायमचं गेलं."

"आणि आत्ता घासलंत तर आपण कायमचे गेलो. पातेलं हवंय की घर?"

जावई नाही तसे वाईट. पण त्यांनी उत्तराला जो वेळ घेतला, तो सासूबाईंनी बघितला आणि लेकीनेही बघितला. लेकीने बाह्या सावरल्या. तिने तारेची घासणी उचलली आणि इतक्या वर्षांचा सगळा राग त्या पातेल्याच्या बुडावर काढला. जावई हात पाठीमागे बांधून उभे होते, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे. पातेलं चकाकलं तसं तिने वळून ते त्यांच्या नाकाखाली धरलं.

"हुंगा."

सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. जावयांनी हुंगलं. नाकपुड्या फुगल्या, भुवया एकदा वर गेल्या आणि खाली आल्या. कडेला दुधाचा वास होता. तो त्यांच्या डोळ्यांतच दिसत होता.

"स्वच्छ आहे," जावई म्हणाले.

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली. "उद्या तिथे फार बोलू नका." आणि वळून बाकीचा ढीगही घासायला घेतला. तिला हसू येत होतं, म्हणून ती वळली.

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या मुलीने जावयांना लगेच ओळखलं. मशीनने जरा वेळ लावला. अंगठा हिरवा, पुढची बोटं हिरवी. डाव्या हाताची करंगळी मात्र दोनदा नाही म्हणाली. लेकीने ती आपल्या हातात धरून चोळली, आणि तीही पास झाली. मुलीने अभिनंदन केलं, हात मिळवला आणि मग बराच वेळ तेलकट बोटांनी पेन पकडत राहिली. काही विचारायचंय का, म्हणाली. माणसं अशा वेळी पासपोर्टचं विचारतात, मतदानाचं विचारतात.

"आता पाणी लागलं तर चालेल का?" जावयांनी विचारलं.

चालेल, म्हणाली. ठसे घेतले ते घेतले.

घरी आल्यावर चपला काढून जावई तडक सिंकपाशी गेले आणि सगळ्यात आधी ते दुधाचं पातेलं घेतलं. बाहेर लेकीने टीव्हीचा आवाज वाढवला. भिंतीपलीकडे सासूबाई पडल्या होत्या. त्यांनी कान दिला, पण कुणी काही बोललं नाही.

पुढे परवान्याचं कार्ड टपालाने आलं. जावयांनी ते फ्रिजवर उभं करून ठेवलं, शिंतोडे उडणार नाहीत असं. जेवणं झाली, भांडी झाली, गाळणं ठोकून खिळ्याला लावलं. कचऱ्याची पिशवी बांधून ते निघाले. जिन्यातला दिवा गेलेला होता. बॅटरीसाठी फोनवर बोट टेकवलं, फोन काही उघडेना. जावयांनी आकडे दाबले, उजेडात खाली उतरले, पिशवी डब्यात टाकली, झाकण लावलं, आणि झाकणाच्या कडेवरून एकदा बोट फिरवून बघितलं.