आत्तीचा मोतीबिंदू आणि माझी तालीम

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळं घरात कुठलाही छापील कागद आला की तो माझ्या हातात दिला जातो आणि मला तो कळतो, असं सगळे धरून चालतात. मी बेळगावात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, डोळ्यांतलं मला काही कळत नाही. तरी आत्तीच्या मोतीबिंदूचे कागद माझ्याकडंच आले.

आत्ती म्हणजे वडलांची थोरली बहीण. निपाणीत आमच्यातच राहते आणि बिड्या वळते. तिला दिसत नाही हे आम्हाला फार उशिरा कळलं, कारण तिचे हात डोळ्यांना विचारतच नाहीत. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि ती रस्त्यावरून जाणाऱ्यांशी बोलत वळत असते. एकदा दारात वाळत घातलेल्या वडलांच्या रेनकोटला तिनं दोनदा विचारलं, "आत या की, भाईर का हुबा ऱ्हायलाय?" उत्तर आलं नाही म्हणून ती दिवसभर फुगून बसली. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

"पिकू दे की आणि जरा," ती म्हणाली. "कच्चा काढला तर परत यील."

बेळगावातल्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं की आता पिकायची वाट बघत नाहीत. जास्त पिकला तर तो घट्ट होतो आणि काढायला जड जातो. डोळ्याला अगदी बारीक छेद द्यायचा, यंत्राच्या कंपनानं मोतीबिंदूचा चुरा करून ओढून घ्यायचा आणि घडी केलेली लेन्स आत सोडायची. ती आत जाऊन आपोआप उलगडते. टाका नाही. भूलसुद्धा नुसत्या थेंबांची. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि तिथंच आत्तीला समजावलं.

"टाका न्हाय, सुई न्हाय, मग आपरेशन कसलं?" तिला फसवल्यासारखं वाटलं. "माझ्या जावंचं केलं तवा डोस्क्याला दोन्हीकडनं वाळूच्या पिशव्या लावल्या हुत्या."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "थेंबांच्या भुलीत पेशंट जागा असतो. पंधरा-वीस मिनिटं डोकं हलता कामा नये. हलत राहिलं तर पूर्ण भूल द्यावी लागेल, आणि यांचं बीपी बघता ती मला नको आहे. घरी जरा पडून राहायची सवय करून घ्या."

ते कदाचित सहज म्हणाले असतील. मी ते परीक्षेसारखं घेतलं.

आठ दिवस सुट्टी काढून मी निपाणीला गेले. ऑपरेशनला तोंडावर भोकाचं कापड घालतात म्हणून आईच्या जुन्या परकराला डोळ्याएवढं भोक पाडलं, आत्तीला चटईवर उताणी झोपवलं, तोंडावर परकर टाकला आणि भोकातून मोबाईलचा उजेड मारला. दोन मिनिटांत तिची बोटं पोटावर बिड्या वळायला लागली. मी ती धरली, तर मान वळली.

"आत्ती, डोस्कं."

"डोस्कं हाय की जाग्यावर."

"हललं."

"तू माझं हात सोड, म्हंजे न्हाय हलणार."

"हात हलला की अंग हलतंय, अंग हललं की डोस्कं हलतंय."

"कुठल्या पुस्तकात हाय ते?"

"सगळ्या पुस्तकांत आहे," मी म्हणाले. खरं तर ते मीच तयार केलं होतं. सहाव्या दिवशी मी तिचे हात ओढणीनं बांधले. तेवढ्यात शेजारची काकू साखर मागायला आली. तोंडावर परकर आणि हात बांधलेली आत्ती बघून ती साखर न मागताच गेली आणि आणखी तीन बायकांना घेऊन परत आली. मग ओढणी सोडून मी तिला हात अंगाखाली दाबून ठेवायला सांगितलं. इतकं करून आमचा उच्चांक चार मिनिटांचा.

ऑपरेशनच्या दिवशी आत्तीला आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसले. मला खरंच भीती वाटत होती. बीपीची गोळी वेळेवर दिली होती, तरी दोनदा पाकीट काढून बघितलं. थोड्या वेळानं आतून सिस्टर आल्या.

"हात अंगाखाली दाबून ठेवायला यांना कुणी सांगितलं? 'पोरीनं सांगितलंय' म्हणतायत. हात काही काढीनात आणि डोकं काही ठरेना. डॉक्टर थांबलेत."

मी बाकावरून उठून उभी राहिले.

"घरी काय करतात त्या?"

"बिड्या वळतात," मी कशीबशी म्हणाले. सिस्टर तशाच आत गेल्या.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं कशी गेली ते मला सांगता येणार नाही. मग डॉक्टर बाहेर आले. चादरीखाली तिच्या हातात गॉजची एक पट्टी दिली, म्हणाले. ती वळायला लागली आणि मान जी थांबली ती शेवटपर्यंत हलली नाही. जन्मभर तिचे हात चालू आणि मान स्थिर. स्वस्थ राहायची तिला तेवढीच रीत माहीत. आणि मी आठ दिवस खपून नेमकी तीच मोडत होते.

"लेन्स छान बसली आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तालीम तुम्हीच घेतली का?"

मी हो म्हणाले. खोटं बोलून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावरचं झाकण काढलं. आत्तीनं भिंत बघितली, खिडकी बघितली, मग मला खालपासून वर बघितलं.

"क्यास कुठं गेली गं?"

केस मी दिवाळीतच खांद्यापर्यंत कापले होते. तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी वाचत असलेलं थेंबांचं वेळापत्रक बाजूला राहिलं आणि बस स्टँडपर्यंत मी बोलणी खाल्ली. तिला इतकं स्पष्ट दिसतंय याचा आनंद मला नीट दाखवतासुद्धा आला नाही.

दुसऱ्या डोळ्याला पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे. यावेळी ती स्वतःच विचारून आली. मी म्हणाले, मी पण येते.

"ये की," आत्ती म्हणाली. "पर त्याच दिवशी ये. आठ दिस आधी येऊ नगंस."