मेजर दिघ्यांसाठी बांधलेली जीप

माझी शेवटून दुसरी पोस्टिंग ईशान्येच्या डोंगरातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत होती. मी हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. सकाळी फॉल-इन, मग गाड्यांची तपासणी: पाणी, तेल, टायर, ब्रेक, लाइट. गाड्या रेशन घेऊन वरच्या पोस्टवर जात आणि रिकाम्या परत येत. सिव्हिलियन लोकांना वाटतं, फौजेत रोज गोळीबार असतो. आमच्याकडे रोज ग्रीस असे.

नायक रघुनाथ ढमाळ हा आमचा सर्वांत भरवशाचा ड्रायव्हर. साताऱ्याकडचा. पीत नसे. आपल्या वाट्याची रम तो लंगरच्या, म्हणजे फौजी भटारखान्याच्या, कुकला देई आणि बदल्यात जेवताना जादा कांदा घेई. त्यावरून त्याची रोज चेष्टा व्हायची.

त्या पावसाळ्यात दरड कोसळून खालचा रस्ता बंद झाला. ब्रेक फ्लुइड संपलं. रघूच्या गाडीच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळत होता. मी गाडी अनफिट दाखवली. कंपनी कमांडर मेजर दिघे स्वतः शेडमध्ये आले. ग्वाल्हेरचे मराठी, बोलायला एकदम गोड.

"उस्ताद, इंजिन ऑइल घाला. तेल ते तेल."

"साहेब, ब्रेकचे रबर फुगतील. घालू नये."

"वर रेशन पोचायला हवं. ऑर्डर आहे."

मी घातलं नाही. त्यांनी मला रिकव्हरीच्या, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायच्या, कामावर पाठवलं आणि दुसऱ्याकडून घालून घेतलं.

गाडी वर नीट गेली. परतीच्या उतारावर फुगलेल्या रबरांनी ब्रेक धरून ठेवले, ड्रम तापले, आतलं तेल उकळलं आणि पेडल रिकामं झालं. मी रिकव्हरी गाडीत बसलो होतो. वायरलेस सेटवर रघूचा आवाज आला.

"कंट्रोल, ब्रेक गेलेत. खालच्या वळणावर रस्त्याच्या कामाची माणसं आहेत. हटवा. ओव्हर."

"स्पीड किती? ओव्हर."

"आधी माणसं हटवा. ओव्हर."

त्यानंतर सेट बंद. गाडी दरीत गेली.

चौकशीत मी साक्ष दिली. फुगलेले रबर टेबलावर ठेवले. ते कागदावर आले नाहीत. 'चालकाची चूक' हे आलं. गावात लोकांनी त्याचा सोपा अर्थ लावला, प्यायला असणार. रघूच्या बायकोला, शोभावहिनींना, हे पाणवठ्यावर, लग्नकार्यात, सगळीकडे ऐकावं लागलं. त्या दर दिवाळीला फोन करायच्या. दर वेळी एकच विचारायच्या, "भाऊजी, खरं काय ते कुणी बोलणार आहे का?"

रिटायर होऊन मी भोपाळला आलो. वडील इथल्या कारखान्यात फिटर होते, त्यामुळे अवधपुरीत घर होतंच. एके दिवशी फौजी कँटीनच्या रांगेत मागून हाक आली, "अरे उस्ताद! तुम्ही इथे?" मेजर दिघे. केस पांढरे, बाकी तेच. आता जीपवाल्यांचा एक ग्रुप चालवत होते. रविवारी रायसेन रोडपलीकडच्या दगडाच्या बंद खदानीत गाड्या चढवायचे. मी रघूचं नाव काढलं.

"कोण? हां, तो बेवडा ड्रायव्हर. बिचारा."

मी माझं सामान घेतलं, जय हिंद म्हटलं आणि घरी आलो. त्याच आठवड्यात भंगारातून एक जुनी जीप उचलली.

पोर्च माझी वर्कशॉप झाली. चॅसिस घासून रंगवली. दुसरं डिझेल इंजिन बसवलं, मोठे टायर घातले, सस्पेन्शन उंच केलं. शेजारचा शर्मा गेटवर उभा राहून म्हणायचा, "भाईसाहब, टँक बना रहे हो? पाकिस्तान इधर नहीं है." माझी बायको सुनंदा शाळेत शिकवते. तिने एकदा भिंतीवरची कामांची यादी वाचली आणि म्हणाली, "यात माझी कुंडी कुठे हलवायची तेही लिहा. आणि कोणासाठी चाललंय हे?"

"मेजर दिघ्यांसाठी."

तिने कुंडी स्वतःच उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मग नीट बांधा."

उंच केलेल्या गाडीला दोन आजार होतात. मागचा प्रोपेलर शाफ्ट, चाकांना ताकद पोचवणारा दांडा, तिरका होऊन थरथरतो, आणि वेग घेतला की स्टिअरिंग हातात नाचतं. पहिल्यासाठी मी ॲक्सलखाली लोखंडी पाचर दिली. दुसऱ्याने फार छळलं. चाकं बॅलन्स केली, टाय रॉड बदलला, फरक नाही. शेवटी पुढची बेअरिंगं उघडली. डावीकडचं सैल होतं. एक पातळ शिम, पत्र्याची चकती, काढली आणि अवधपुरीच्या रस्त्यावर गाडी सरळ रेषेत धावली.

मग ब्रेक. ते उत्तम बनवले. त्यानंतर ब्रेकच्या लाइनमध्ये एक छोटा कॉक, तोटीसारखा, बसवला. उघडला की पेडलचा सगळा दाब तेलाच्या डबीत परत जायचा आणि पाय थेट तळाला. हँडब्रेक चाकांवर नाही, शाफ्टवर होता, त्याचं कॉकशी काही घेणं नव्हतं. त्याचा लीव्हर आणि तो कॉक, दोन्ही मी शेजारच्या सीटच्या डाव्या अंगाला नेले. आधी एकट्याने जाऊन खदानीचा उतार पाहिला. खाली रुंद मुरमाचं मैदान, पुढे चढ. सुनंदाला सीटवर बसवून नेलं आणि लीव्हर ओढून दाखवला. गाडी प्रत्येक वेळी थांबली.

रविवारी दिघे जीपभोवती दोनदा फिरले. "काय कमाल केलीत हो, उस्ताद. एक राउंड देता का?"

"साहेब, तुमच्यासाठीच आणली आहे."

ते स्टिअरिंगवर, मी शेजारी. उताराच्या मध्यावर मी कॉक उघडला.

"ब्रेक! ब्रेक नाहीये!"

"पंप करा, साहेब."

"काही होत नाही! हँडब्रेक कुठे आहे?"

"माझ्याकडे. रघुनाथ ढमाळ आठवतो का?"

"ओढा! ओढा तो!"

"प्यायला होता का तो?"

"नाही! नव्हता!"

"तेल कोणी घालायला लावलं?"

"मी! मी लावलं! ओढ ना आता!"

ओढला. जीप मुरमात आडवी होऊन थांबली. दिघे उतरले आणि बोनेट धरून उभे राहिले.  अशा वेळी माणसाला सावरू द्यायचं नसतं. मी शोभावहिनींना फोन लावला आणि दिघ्यांच्या हातात दिला.

"आत्ता बोललात तेच बोला."

वरून ग्रुपची माणसं धावत येत होती. दिघ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात बोलले. गाडी अनफिट होती. चुकीचं तेल मी घालायला लावलं. तुमचे मिस्टर प्यायलेले नव्हते.

 पलीकडून वहिनींचा आवाज मला बाहेरूनही ऐकू आला.

"थांबा. फोन स्पीकरवर टाकते. आत्याबाई इथंच बसल्यात, त्यांना कमी ऐकू येतं. परत सांगा. मोठ्यानं."

ते परत बोलले.

"न्हाई ऐकू आलं त्यांना. अजून मोठ्यानं."

तिसऱ्या वेळी मेजर दिघे ओरडून बोलले. खदान मोकळी आहे, आवाज घुमतो. भोवती जमलेल्यांनी एकेक शब्द ऐकला.  फोनमधून रघूच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला, "आता ऐकलं." आणि फोन बंद झाला.

जीपवाल्यांच्या ग्रुपमध्ये दिघे आता येत नाहीत. लोक विचारतात, वाईट वाटतं का. नाही वाटत. हाच उतार पुन्हा मिळाला तर लीव्हर मी आणखी थोडा उशिरा ओढेन.

दरीतून रघूची गाडी वर काढली, तेव्हा केबिनमध्ये पहिला मी शिरलो होतो. गिअर पहिल्यात होता. हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढलेला. स्टिअरिंग दरीच्या बाजूला पूर्ण फिरवलेलं. डोंगराच्या बाजूला खडी फोडणारी माणसं होती, पाठीला पोरं बांधलेल्या बाया होत्या. त्यांना हलायला वेळ मिळाला नव्हता. कोणाला खरचटलंही नाही.

नायक रघुनाथ ढमाळ. शुद्धीत होता.