गाईड आणि त्याची अळंबीची जागा

समोर बोल्ट असोत, नट असोत की सांडलेलं ऑईल, गाईड त्यातून आपला देश उभा करायचा. आखातातल्या शुवैख बंदरावरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये तो डिझेल इंजिनं बसवायला चेकोस्लोव्हाकियाहून आला होता. मी तिथला स्टोअरकीपर. पहिल्याच दिवशी मी सहज विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" त्याने बाकावर ऑईलची धार सोडली, ही नदी. काठाला मोठा नट ठेवला, हे प्राग. भोवती बोल्टांचं जंगल उभं केलं. मग मी जणू आत्ताच बॅग घेऊन त्याच्या स्टेशनवर उतरलोय अशा थाटात वाकून म्हणाला, "या. आधी पूल बघायचा, मग जेवायचं." त्या दिवसापासून तो आमचा गाईड झाला, त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या पाकिटावर उरलं.

बोलायचा तो इंग्रजी, हिंदी आणि अरबीच्या खिचडीत, पण समजायचं सगळं. आमची मेस चालवणारे दाऊदभाई रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. त्यांना गाईडची मनापासून दया यायची, कारण त्याच्या देशाला समुद्रच नव्हता.

"दर्या नाय तो मुलूख कसला? खाता तरी काय, साहेब?"

"तळी खोदली," गाईड म्हणाला. "जुन्या सरदारांनी. नाताळ आला की तळ्यातला मासा जिवंत घरी आणायचा आणि आंघोळीच्या टबात ठेवायचा."

"आणि आंघोळ?"

"मासा आधी."

दाऊदभाईंनी मान डोलावली. "माणसं बरी दिसतात."

इतिहासही तो असाच वाढायचा. त्याच्या देशात म्हणे राजाच्या अधिकाऱ्यांचा फार राग आला की लोक त्यांना खिडकीतून खाली टाकत. एकदा तर वाड्यातून टाकलेली माणसं जिवंत राहिली, कुणी म्हणतं देवाने झेललं, कुणी म्हणतं खाली उकिरडा होता. हे ऐकल्यावर दाऊदभाई चहाचा ट्रे घेऊन वरच्या मजल्यावर मॅनेजरकडे गेले आणि परत येऊन गंभीरपणे म्हणाले, "खिडकी मोठी आहे. पण खाली वाळू. वाचेल तो."

खरा गाईड मात्र जंगलाच्या गोष्टींत दिसायचा. तिकडे म्हणे झाडांच्या बुंध्यांवर रंगाचे पट्टे ओढलेले असतात. पट्टे धरून चालत गेलं की परका माणूसही चुकत नाही. "पण अळंबी पट्ट्यांच्या वाटेवर नसते. ती जागा ज्याची त्याची. माझी मला वडिलांनी दाखवली. भावालासुद्धा ठाऊक नाही. ज्याला पुन्हा तिथे जायचं नसतं, तोच जागा सांगतो." यावर आम्ही दोघंही हसलो नाही. श्रावणात कोकणात वारुळाजवळ उगवणारी अळंबी दाऊदभाईंच्या घरीही याच गुप्ततेने यायची.

एका हिवाळ्यात पाऊस चांगला झाला आणि वाळवंटात फगा निघाला. ही वाळूखाली वाढणारी, बटाट्यासारखी दिसणारी अळंबीच. शुक्रवारी आम्ही तिघं पिकअप घेऊन गेलो. झाड दूरवर दिसत नव्हतं, तरी गाईड हातात काठी आणि टोपली घेऊन, जंगलात चालावं तसा वाकून चालत होता. खाली फगा फुगला की जमिनीला पडते ती भेग त्यालाच आधी दिसली. फगा काढून त्याने खड्डा परत हाताने बुजवला, लहान मुलाला पांघरूण घालावं तसा. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने विचारलं, "एवढा कुठे मिळाला?" गाईडने जराही न अडखळता समुद्राकडे बोट दाखवलं.

अडुसष्टच्या सप्टेंबरात त्याचं काम संपणार होतं. सप्टेंबर म्हणजे तिकडे अळंबीचा महिना, म्हणून त्याने बॅग उन्हाळ्यातच भरून ठेवली होती. ऑगस्टमध्ये मेसच्या रेडिओवर बातमी आली. प्रागच्या रस्त्यांवर रशियन रणगाडे शिरले होते. त्या आठवड्यात बाकावर ना नदी वाहिली, ना जंगल उगवलं. गाईड इंजिनं बसवत राहिला.

मग एका दुपारी तो मेसमध्ये आला, आमच्यासमोर बसला आणि सांगायला लागला. स्टेशनावरून डावीकडे. तळ्याच्या बांधावरून चर्चपर्यंत. तिथून लाल पट्टे. शेवटच्या पट्ट्याशी पट्टे सोडायचे, आणि मग...

दाऊदभाईंचा डाव आमटीतच थांबला. "म्हणजे तुम्ही जात नाय."

"नाही. कॅनडात मामा आहे."

दाऊदभाईंनी हात पुसले, मेसचं दार लोटलं. "आता माझी ऐका. आमच्या मशिदीमागून पऱ्याचं पाणी ओलांडायचं..."

"पण दाऊदभाई, तुम्ही तर घरी जाणार," गाईड म्हणाला.

"मी जाईन ओ. पण तुमच्याकडे एक तरी जागा असू दे."

गाईडने वाट नीट ऐकून घेतली. वळण चुकू नये म्हणून टेबलावर मिठाची बरणी आणि दोन चमचेही मांडून पाहिले. बऱ्याच दिवसांनी त्याचे हात देश मांडत होते. या खेपेला आमचा.

मी प्रागला कधी गेलेलो नाही. तरी तुम्ही निघाला असाल तर बेलाशक मला विचारा. पूल दाखवतो, राजवाडा दाखवतो, खिडक्या दाखवतो, लाल पट्ट्यांच्या वाटेने शेवटच्या झाडापर्यंत नेऊन सोडतो. त्यापुढचं विचारलंत तर समुद्राकडे बोट दाखवीन.