पोपटमामांचा स्पंज

आमच्या प्राणिशास्त्र विभागाचे किस्से कुणी मुद्दाम जपून ठेवलेले नाहीत. घरात जुने चार्जर साठतात तसे ते साठत गेले. डबा खायला चार जणी बसलो की कुणीतरी हमखास म्हणतं, "वैशाली, तो स्पंजाचा सांग ना." की झालं, माझी भाजी गार. म्हणून आज सगळे एकदमच सांगून टाकते.

आधी माणसं सांगते. विभागप्रमुख गायधनी मॅडम. घराण्यात पिढ्यानपिढ्या नाशिकच्या रामकुंडावर पौरोहित्य आणि मॅडम मात्र स्पंज नावाच्या समुद्रातल्या प्राण्यांच्या मागे. दुसरे आमचे लॅब अटेंडंट पोपटमामा. दिंडोरीजवळच्या गावचे, घरची द्राक्षबाग आणि थोडा कांदा. तिसरी मी, मॅडमच्या हाताखाली शिकवणारी, सिन्नरहून एसटीने येणारी, त्यामुळे रोज दहा मिनिटं लेट.

आणि चौथा तो. मूठभर आकाराचा, मळकट पांढरा, खोल समुद्राच्या तळातून वर काढलेला. संशोधन करणाऱ्या एका जहाजावर मॅडमचा जुना विद्यार्थी होता, त्याने पाठवलेला. बरणी उजेडात धरून मॅडम म्हणाल्या, "वैशाली, हा मी कुठेच पाहिलेला नाही." त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी शोधलेल्या स्पंजांच्या याद्या केल्या होत्या. जाण्याआधी एक, फक्त एक नवीन प्रजाती आपल्या हातून जगापुढे यावी, एवढंच त्यांना हवं होतं. आमच्याकडे नमुना एकच, बरणी एकच आणि तीन वर्षं.

*

पहिला प्रश्न सगळ्यांचा ठरलेला. कॉलेजात कुणीही पाहुणे आले की बरणीकडे बघून विचारायचे, "पण मॅडम, नाशिकला समुद्र कुठे आहे?"

मॅडम चष्मा पुसत शांतपणे सांगायच्या, "ज्यांच्या गावाला समुद्र आहे ते लोक मासे खातात. स्पंजाकडे बघत बसायला आमच्यासारखी रिकामी माणसं लागतात."

*

एकदा तपासणीला समिती आली. त्यातले एक सर वाणिज्य शाखेचे. त्यांनी बरणी हलवून बघितली तेव्हा पोपटमामांचा जीव खालीवर झाला. सरांनी विचारलं, "हा आंघोळीला चालतो का हो?"

खोल पाण्यातल्या या स्पंजाच्या अंगात काचेच्या सुया असतात. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढ्या बारीक, पण हजारोंनी. पोपटमामांनी सरांच्या हातातून बरणी अलगद काढून घेतली आणि म्हणाले, "चालंल ना सर. पण एकदाच चालंल."

*

या सुया म्हणजेच स्पंजाची ओळख. पोलिसांना बोटांचे ठसे, तशा आम्हाला सुया. स्पंजाचा कणभर तुकडा ॲसिडमध्ये उकळायचा, मांस जळून जातं, काच उरते. ती धुवायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायची.

पहिल्याच स्लाइडमध्ये सुयांच्या गर्दीत मला वेगळंच काहीतरी दिसलं. काचेचे चिमुकले तुकडे, प्रत्येकाला दोन शिंगं. मी मॅडमना हाक मारली. मॅडमनी बघितलं आणि स्टुलावर बसूनच घेतलं. जगातल्या कुठल्याही स्पंजात असलं काही नव्हतं. तीन आठवडे आम्ही त्या शिंगांची चित्रं काढली, मापं घेतली. मॅडमनी स्वतः पेढे आणले. त्या कधी स्टाफरूममध्ये बिस्किटाचा पुडासुद्धा फोडत नाहीत, यावरून काय ते समजा.

चौथ्या आठवड्यात मॅडम कपाटापाशी गेल्या आणि तिथेच थबकल्या. बरणी फुटू नये म्हणून पोपटमामांनी ती द्राक्षाच्या क्रेटमध्ये ठेवली होती आणि भोवती इगतपुरीहून आणलेलं भाताचं तूस भरलं होतं. तेवढ्या प्रेमाने मी माझा लग्नाचा शालूसुद्धा ठेवलेला नाही. मॅडमनी चिमूटभर तूस घेतलं, ॲसिडमध्ये उकळलं, स्लाइड केली. तुसातही काच असते, हे आम्हा तिघांपैकी फक्त त्यांनाच माहीत होतं आणि त्याही विसरल्या होत्या.

दोन शिंगं. हुबेहूब. बरणी उघडताना तुसाची धूळ आत पडत होती.

मॅडमनी स्लाइड काढून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "वैशाली, अभिनंदन. आपण भाताचा शोध लावला."

*

बरणीतलं स्पिरिट उडून जातं, दर पंधरा दिवसांनी भर घालावी लागते. दिवाळीची सुट्टी होती, बागेत छाटणीनंतरची औषध फवारणी जोरात होती, आणि पोपटमामा मोटारसायकलवर दिंडोरीहून कॉलेजात हजर. वॉचमनने विचारलं, "मामा, सुट्टीत कुठे?" मामा म्हणाले, "बरणीला पाणी पाजायचंय."

पुढे एकदा मामी मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, बागेवरची फवारणी चुकली तर ह्यांला चालतं. तुमची बरणी चुकली तर दोन घास कमी खात्यात."

*

तुसानंतर मॅडमनी स्लाइड बनवायचं काम मामांवर सोपवलं. चूक ज्याच्या हातून झाली तोच ती पुन्हा करत नाही, हा त्यांचा हिशेब. मामांचा हात इतका हलका की मला लाज वाटायची. हळूहळू ते मायक्रोस्कोपमध्येही डोकवायला लागले.

त्या स्पंजात एका प्रकारची बाकदार सुई शेकड्यांनी होती. एका टोकाला आकडा, दुसरं टोक तुटलेलं. आम्ही दीड वर्षं वहीत "तुटलेली" असंच लिहीत होतो. एक दिवस मामा म्हणाले, "मॅडम, हे तुटलेलं नाय वाटत. सगळे एकाच जागी कसे मोडतील? मोडलं की कुठंबी मोडतं. हे द्राक्षाची काडी छाटल्यावानी हाय, डोळा राखून."

मॅडमनी वही मिटली. आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसलो. मामांचं खरं होतं. ती सुई मुळातच तशी होती, आणि आम्हाला माहीत असलेल्या एकाही स्पंजात तशी सुई नव्हती. या वेळी मॅडमनी पेढे आणले नाहीत. घाबरल्या होत्या.

*

आता शेवटचा. हा सांगताना मध्ये बोलायचं नाही.

पेपर लिहून झाला. नाव द्यायची वेळ आली तेव्हा मॅडमनी सरळ जाहीर केलं, "हा स्पंज पोपटरावांच्या नावाने ओळखला जाईल."

मामा गडबडले. "माझं कशाला मॅडम? लय मोठं काम हाय. तुमचं द्या."

"स्वतःचं नाव स्वतः देत नाहीत. तशी रीत नाही. आणि सुई तुम्ही ओळखलीत."

मामांनी घरी सांगितलं, घरच्यांनी गावात सांगितलं. गावाला कारणच पाहिजे होतं. चार दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. कडक इस्त्रीच्या शर्टात पोपटमामा, मागे निळा समुद्र, एका कोपऱ्यात डॉल्फिन, आणि वर मोठ्या अक्षरांत, "खोल समुद्रात गावाचे नाव करणारे". मामांनी मला मोबाइलवर तो फोटो दोनदा दाखवला.

पेपर जर्नलकडे गेला होता. तपासणाऱ्यांनी एकच गोष्ट मागितली. एक फार जुना जर्मन ग्रंथ आहे, तोही बघून घ्या. मी त्याचं स्कॅन मिळवलं, मोबाइलवर भाषांतर करत आपल्या स्पंजाच्या गटाची होती तेवढीच प्रकरणं वाचली आणि मॅडमना सांगितलं, "यात काही नाही." मॅडमच्या निवृत्तीला नऊ दिवस राहिले होते. फाइलला लावायला म्हणून मी प्रिंट मामांकडे दिल्या.

दुपारी मामा एक पान घेऊन आले. शेवटची चित्रं होती, भलत्याच गटाच्या प्रकरणातली, जी मी उघडलीच नव्हती. जर्मनचं अक्षर त्यांना कळत नव्हतं. त्यांनी एका चित्रावर बोट ठेवलं. आकडा, आणि छाटलेलं टोक.

"मॅडम, हे आपलंच हाय."

मॅडमनी भिंग घेतलं. आमच्या वहीतलं चित्र शेजारी ठेवून ताडून बघितलं. आमच्या शास्त्रात नियम एकच, ज्याने आधी छापलं त्याचंच नाव कायम. म्हणजे हा स्पंज नवीन नव्हता. मॅडमचा नव्हता आणि मामांचाही नव्हता.

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पोपटराव, हे पान तुम्ही नुसतं फाइलला लावून टाकलं असतंत, तर कुणालाही कळलं नसतं."

"हां," मामा म्हणाले.

"मी आजच जर्नलला कळवते." त्यांनी चष्मा काढला. "पण तुमच्या गावात तो एवढा मोठा फ्लेक्स लावलाय. त्याचं काय करायचं?"

मामांनी ते पान त्याच्या जागी, क्रमाने, नीट लावलं.

"चांगला जाड हाय मॅडम. कांद्यावर झाकायला होईल."