आप्पा आणि रोपं कातरणारी अळी

आई गेल्यानंतर तीन महिन्यांनी आप्पा आमच्याकडे नाशिकला राहायला आले. कळवणला त्यांचं शेतीऔषधांचं दुकान होतं. तीस वर्षं चालवलेलं ते दुकान त्यांनी माझ्या चुलतभावाच्या हाती सोपवलं आणि दोन पिशव्या घेऊन बसमधून उतरले. पहिले काही आठवडे ते हॉलमधल्या खुर्चीत बसून टीव्ही बघायचे, तोही आवाज बंद करून. काही विचारलं तर हो किंवा नाही. माझे यजमान अंबडच्या कंपनीत, त्यांची पहिली पाळी, म्हणजे सकाळी ते घरात नसतात. मी दुपारी शिकवण्या घेते. दिवसाचा बराचसा वेळ घरात मी आणि आप्पा दोघंच, आणि बोलायला काही नाही.

आमच्या रो-हाउसच्या मागे थोडी जागा आहे. बिल्डरने तिथे राडारोडा टाकून ठेवला होता. आप्पा आले त्याच सुमारास मी तो उचलवला, टेम्पोभर काळी माती आणि शेणखत आणून वाफे केले. औषध न मारलेली भाजी घरात यावी एवढीच इच्छा. दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी लहानाची मोठी झाले. खालून येणारा तो उग्र वास उशीलासुद्धा लागलेला असायचा. हे मी आप्पांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं की मी त्यांच्यावर ठपका ठेवतेय.

ट्रेमध्ये बी टाकून रोपं तयार केली आणि दिवाळी झाल्यावर चाळीस रोपं वाफ्यात लावली. वांगी, टोमॅटो, मिरची आणि थोडा कोबी. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पाच रोपं आडवी पडलेली, जमिनीलगत कात्रीने कापल्यासारखी. दुसऱ्या दिवशी आणखी सात. मला वाटलं उंदीर. मी पिंजरा लावला, त्यात खोबऱ्याचा तुकडा ठेवला. उंदीर काही आला नाही, रोपं मात्र पडत राहिली.

आप्पा चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभे होते.

"उंदीर नाय ते," ते म्हणाले. "अळी हाय. दिवसा मातीत बसती."

"मग काय करू?"

"दाणेदार औषध टाक बुडाशी. दोन दिवसांत साफ."

"औषध नाही टाकायचं, आप्पा. म्हणून तर हे सगळं लावलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तीस वर्षं लोक माझ्याकडं विचारायला यायचे," आणि आत निघून गेले. त्या दुपारी त्यांनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. मला फार लागलं ते. पण औषध आणायचं नाही हेही मनात पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची रिकामी दिसली. मी मागे गेले. आप्पा वाफ्यात उकिडवे बसले होते, हातात माझा चहाचा चमचा. कापलेल्या रोपाभोवतीची माती ते हलक्या हाताने बाजूला सारत होते. दोन बोटं खोल गेल्यावर त्यांनी एक करडी, जाडसर अळी बाहेर काढली. बोट लागताच ती अंगठीसारखी गोल झाली.

"ही बघ," ते म्हणाले. "अंधार पडला की वर येती, बुड कातरती आणि उजाडायच्या आत परत मातीत. म्हणून तुला दिसत नाय." त्यांनी ती कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली. थोड्या वेळाने एक साळुंकी आली आणि उचलून घेऊन गेली. "औषध नको म्हणतेस तर मग हातानं वेचावं लागतं. रोज सकाळी. जमंल?"

"जमेल की. आई काय करायची हो? तिच्या वाफ्यातली वांगी कधी किडकी निघाली नाहीत."

कळवणला दुकानामागे एक छोटा वाफा होता. घरातली मेथी, वांगी, मिरच्या तिथल्याच. आम्ही सगळे त्याला आईचा वाफा म्हणायचो.

आप्पा माती चाळत म्हणाले, "तुझी आई वाफ्याला हात लावायची नाय. तिला चिखलाचा कंटाळा. ती फक्त तोडायला यायची. बाकी मीच करायचो, दुकान उघडायच्या आधी."

मला हे माहीतच नव्हतं. सकाळी आम्ही उठायचो तेव्हा आप्पा अंघोळ करून गल्ल्यावर बसलेले असायचे.

"आणि औषध?" मी विचारलं.

"घरच्या वाफ्यात कधीच नाय टाकलं."

मग तेच पुढे बोलू लागले. "लोकांना इकायचो आणि घरी वापरायचो नाय. लय वेळा विचार केला मी त्याचा. पण चार एकर टोमॅटोवरच्या अळ्या हातानं वेचून कसं भागणार कुणाचं? त्याला माल मार्केटला न्यायचा असतो. मात्रा मात्र मी कधी वाढवून सांगितली नाय. दोन फवारे पुरत असतील तर तिसरा दिला नाय." बोलताना त्यांची नजर मातीतच होती. हे ते मला सांगत होते की स्वतःला, मला कळलं नाही. मी दुसरा चमचा आणला आणि शेजारच्या ओळीत बसले.

त्या दिवसापासून कामाला सुरुवात झाली. गणपतीत आणलेले कागदी कप घरात उरले होते. आप्पांनी त्यांचे तळ कापून काढले आणि प्रत्येक रोपाभोवती एक एक कप असा बसवला की अर्धा मातीत, अर्धा वर. अळीला खोडापर्यंत पोचताच येऊ नये म्हणून. शिवाय रोपांभोवती पसरायला राख हवी होती. शहरात राख कुठून आणायची हा माझ्यापुढे प्रश्न. आप्पा पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेले. तो अजून कोळशाची इस्त्री वापरतो. आमच्याकडे आल्यापासून ते पहिल्यांदाच एकटे फाटकाबाहेर पडले होते. अर्ध्या तासाने पिशवीभर राख आणि इस्त्रीवाल्याच्या गावाकडची सगळी हकिगत घेऊन परतले.

संध्याकाळी वाफ्याच्या कडेने ते उपटलेल्या गवताचे छोटे ढीग ठेवायचे. अळ्या सकाळी त्यांच्याखाली आसरा घेतात. उजाडलं की आम्ही ढीग उचलायचो आणि खालच्या अळ्या वेचायचो. पहिल्या सकाळी अकरा मिळाल्या, दुसऱ्या दिवशी सात. आठवड्याने एखादीच. तोवर चाळीसपैकी एकोणीस रोपं शिल्लक होती. ट्रेमध्ये राहिलेल्या रोपांनी आम्ही रिकाम्या जागा भरल्या. साळुंक्यांना मात्र सवय लागली होती. आम्ही बाहेर आलो की त्या आधीच भिंतीवर हजर.

पुढची चूक माझी. मिरचीच्या शेंड्यांवर मावा पडला. पानांच्या मागे हिरव्या ठिपक्यांची दाटी आणि हाताला लागणारा चिकटपणा. आप्पा झोपले होते. त्यांना उठवायचं कशाला, हे आपल्यालाही येतं, असं मला वाटलं. फोनवर वाचून मी कडुनिंबाचं तेल आणलं होतं. ते अंदाजाने पाण्यात ओतलं, भांडी घासायचं लिक्विड घातलं आणि भर दुपारी सगळ्या मिरच्यांवर फवारलं. नैसर्गिक आहे, त्याने काय होणार? दुसऱ्या दिवशी मिरचीची पानं कडेने करपून गेली होती. काही रोपांची तर मान पडली होती.

आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी तयारच होते. आप्पांनी एक पान तोडलं, उजेडात धरलं.

"तेल किती घातलं?"

"अंदाजानं."

"आणि फवारलं कधी?"

"दुपारी. दोनला."

आप्पा हसायला लागले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "दुकानात रोज एक तरी यायचा असा," ते म्हणाले. "औषध दुप्पट, ऊन डोक्यावर, आणि वर मलाच विचारणार की पीक का जळलं. आता माझ्या घरातच निघाला एक." मग म्हणाले, "कडुनिंबाचं असलं तरी औषधच ते. मोजून घ्यायचं."

त्यांनी खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण धुऊन आणलं. एका लिटर पाण्याला पाच मिली तेल, साबणाचे चार थेंब, ऊन उतरल्यावर, आणि तेही आधी फक्त दोन रोपांवर. एक दिवस थांबायचं, पान ठीक राहिलं तरच बाकीच्यांवर. मी वहीत लिहून घेतलं. पंधरा दिवसांत मिरचीच्या डोळ्यांतून नवीन पालवी फुटली. सहा रोपं मेली, बाकीची सावरली. कोबी मात्र गेलाच. त्याची पानं कुठल्याशा बारीक हिरव्या अळीने चाळणीसारखी केली आणि आमचे सगळे उपाय तिच्यापुढे थकले. आप्पा म्हणाले, "पुढच्या खेपेला आधी मोहरी लावू कडेनं. अळी तिकडं जाईल, कोबी वाचंल."

पुढच्या खेपेला, हे शब्द ऐकून मला किती बरं वाटलं हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

एक दिवस दोन घरं सोडून राहणाऱ्या बाई जास्वंदीची फांदी घेऊन फाटकाशी आल्या. त्यावर पांढरा कापसासारखा थर होता. मी स्वयंपाकघरातून आप्पांचं बोलणं ऐकत होते. "पाणी कधी देता? कुंडीला खाली भोक हाय ना? मुंग्या चढतात का झाडावर?" दुकानात ते याच स्वरात विचारायचे, घाई न करता, उत्तर पूर्ण ऐकून घेत. नंतर एकेक करून गल्लीतले लोक पानं घेऊन येऊ लागले. काही दुपारी आप्पा अजूनही खुर्चीत गप्प बसून असतात, तेव्हा मी त्यांना बोलवत नाही.

माघात पहिली वांगी निघाली. एकाला कीड होती, आप्पांनी तेवढा भाग कापून टाकला आणि बाकीचं भाजायला दिलं. भरीत खाताना यजमान म्हणाले, "याला चव आहे." आप्पांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

गेल्या आठवड्यात जवळच्या शाळेतल्या बाई आल्या होत्या. शाळेच्या आवारात मुलींना परसबाग करायची आहे, आजोबांनी येऊन दाखवावं, अशी त्यांची विनंती. आप्पा आधी नको म्हणाले. "मला कुठं शिकवता येतं," असं दोनदा म्हणाले. आज सकाळी पाहिलं तर त्यांनी पांढरा सदरा इस्त्रीवाल्याकडून आणून ठेवला होता. शेजारी बुडं कापलेले वीस कप आणि एका बरणीत मातीसकट दोन जिवंत अळ्या, झाकणाला भोकं पाडून.

मी स्कूटर काढली. ते मांडीवर टोमॅटोच्या रोपांचा ट्रे घेऊन मागे बसले.

"हळू चालव," ते म्हणाले. "रोपं हायेत."