जाजमाची कड

आमच्या कचेरीत साहेबांच्या खोलीत लाल जाजम होतं. त्याच्या कडेशी थांबायचं, हे कोणी कोणाला शिकवत नसे. नवा अहलकार, म्हणजे कारकून, बघूनच शिके. दार हळू ढकलायचं, कडेपर्यंत यायचं, वाकून मुजरा करायचा आणि फाइल छातीशी धरून उभं राहायचं. मग आमचे हेडक्लार्क, त्यांना सरिश्तेदार म्हणत, ती फाइल हातातून घेत आणि साहेबांपुढे ठेवत. अहलकाराचा पाय जाजमावर पडत नसे. ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत साहेब बदलत, जाजम तेच राही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

मग एका वर्षी, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी, पावसाळा संपता संपता नवा साहेब बदलून आला, आणि तो माझा कॉलेजातला मित्र निघाला.

मित्र म्हणजे साधा नव्हे. कॉलेजात चार वर्षं आम्ही एका सायकलवर हिंडलो होतो, तो दांडीवर आणि मी पॅडलवर, कारण त्याच्या घरी बग्गी होती म्हणून सायकल चालवायला तो कधी शिकलाच नाही. कॉलेजच्या रिलेच्या चमूत आम्ही दोघं होतो. तिसरा धावणारा मी, चौथा तो. माझ्या हातातला डंडा घेऊन तो शेवटची धाव घ्यायचा आणि बक्षीस त्याच्या गळ्यात पडलं की मला वाटायचं, अर्धं माझंच आहे. पुढे तो वकिलीचं शिकायला अलाहाबादला गेला, परत येऊन दरबारच्या नोकरीत चढत गेला, भिंडला राहिला, उज्जैनला राहिला. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच राहिलो, जयेंद्रगंजातल्या भाड्याच्या घरात, मुलकी खात्याचा अहलकार म्हणून.

त्याच्या पहिल्या दिवशी मी फाइल घेऊन आत गेलो. मनात काय काय ठरवलं होतं! त्यानं मान वर केली, मला ओळखलं, हे नक्की. पण शेजारी सरिश्तेदार उभे होते, आणि माझे पाय जाजमाच्या कडेशी थांबलेही होते. मी वाकून मुजरा केला. त्यानं मान खाली घातली. त्यानं दुसरं काय करायला हवं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मुजरा मी केला होता. तो परत कसा देणार?

तेव्हापासून दिवाळी होऊन थंडी पडली तरी आमचं बोलणं फायलींपलीकडे गेलं नाही. घरी बायको म्हणाली, "तुमचे मित्र आले आहेत ना, एकदा जेवायला बोलवा की." मी तिच्यावर उगाच खेकसलो. रात्रीच्या भाकरीची चवच गेली.

अशात एका रविवारी आमचा मिलवाला दारात उभा राहिला. कॉलेजच्या चमूत दुसरी धाव त्याची असे. याच्या आजोबा-पणजोबांनी शिंद्यांच्या पागेत घोडे सांभाळले, हा मिलमध्ये विणाईचे माग सांभाळत होता आणि आवाज त्या मागांवरून ओरडून ओरडून दुप्पट झाला होता.

"सुन," तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "कॉलेजच्या पोरांनी चॅलेंज दिलं आहे. वार्षिक जलशाच्या दिवशी रिले, जुने विरुद्ध नवे. आपण चौघंच पळून टाकू."

"चौथा कोण?" मी माहीत असून विचारलं.

"कोण म्हणजे? तोच! मी सकाळीच त्याच्या बंगल्यावर गेलो होतो ना. चपराशी म्हणे साहेब पूजेत बसले आहेत. मी म्हटलं, देवाला सांग दोन मिनिटं रुक. बाहेर आला आणि एकदम हो म्हणाला यार. विचारलंसुद्धा नाही की कधी आहे."

मी म्हणालो, मला वेळ नाही. मिलवाल्यानं माझ्या बायकोकडे बघितलं, बायकोनं कोपऱ्यातून माझे जुने बूट आणून पुढ्यात ठेवले. या दोघांपुढे माझं कधी चाललं नाही.

दुसऱ्या सकाळी कॉलेजच्या मैदानावर एवढं धुकं होतं की किल्लासुद्धा दिसत नव्हता. पहिली धाव घेणारा आमचा मास्तर आधीच हजर होता. त्याच्या घराण्यात भिक्षुकी, हा शाळेत संस्कृत शिकवी. कपाळाला गंध, गळ्यात मफलर, आणि कॉलेजनंतर कमावलेलं पोट. "मी पहिला पळतो म्हणून बरं," तो म्हणाला, "मागं पडलो तरी तुम्हाला भरून काढायला जागा राहते."

मग साहेब आला. मोटार त्यानं लांब झाडाखाली सोडली होती आणि तो चालत येत होता. मिलवाल्यानं त्याला कडकडून मिठी मारली, मास्तरनंही मारली. मी उभा राहिलो. तो माझ्यासमोर येऊन म्हणाला, "बरं चाललंय ना?" मी "हो, कृपा आहे" असं काहीतरी बोललो आणि माझाच मला राग आला. कृपा कसली डोंबलाची!

सरावाला सुरुवात झाली. मास्तर धापा टाकत आला, मिलवाल्यानं डंडा घेतला, तो वारा प्यायल्यासारखा आला, मी घेतला. पाय जड होते, पण पळत होते. वळण संपलं आणि पुढे साहेब दिसला, पाठमोरा, हात मागे केलेला. पंजा उघडा, अंगठा बाहेर, अगदी तेव्हासारखा. आणि त्याच्यापासून चार पावलांवर माझे पाय मंदावले. मी मंदावलो नाही, पाय मंदावले. त्यानं काय झालं म्हणून वळून बघितलं, आणि तो चेहरा बघताच मी पार थांबलो. डंडा मी त्याला दोन्ही हातांनी दिला, कचेरीत देतात तसा.

"अबे, ब्रेक का मारून राहिला आहेस?" मिलवाला मैदानाच्या पलीकडून ओरडला.

"दम लागला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मास्तरच्या हातात डंडा द्यायला सांगितला तर मी वाऱ्यासारखा देई. साहेबाच्या जवळ आलो की पायांना जणू ती लाल कड दिसे. इतकी वर्षं ज्या अंतरावर थांबलो, त्याच अंतरावर ते थांबत. मला हे कळत होतं आणि पायांना समजावता येत नव्हतं. घरी परसात बायकोला पाठमोरी उभी करून मी सराव केला. ती म्हणाली, "हे शेजाऱ्यांना काय म्हणून सांगू?"

शेवटी मिलवाल्यानं क्रम बदलायचं काढलं. "तू पहिला पळ, मास्तर तिसरा. किस्सा खतम." सगळ्यांनी साहेबाकडे बघितलं. तो बुटाची नाडी बांधत होता. "जसं सोयीचं पडेल तसं," तो म्हणाला.

"नाही," मी ओरडलोच. "पहिल्यासारखंच पळायचं."

मला शर्यत जिंकायची नव्हती. विशीतल्या पोरांपुढे आमचा काय निभाव लागणार होता! मला एवढंच हवं होतं की तो डंडा माझ्या हातून त्याच्या हातात जावा, पळता पळता, तेव्हासारखा. ते एकदा झालं नाही तर माझी उरलेली सगळी नोकरी त्या जाजमाच्या अलीकडे जाणार, आणि हा माणूस माझा मित्र होता हे मी पुढे कोणाला सांगणारही नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. हे सगळं बोलता आलं नाही. मी फक्त "नाही" म्हणालो आणि मिलवाल्यानं खांदे उडवले.

त्या दिवशी सरावानंतर मास्तरनं सगळ्यांना बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि भाजी खायला नेलं. साहेबही आला. रस्त्यावर उभं राहून हातात गरम द्रोण धरून खायची सवय त्याची गेली होती. भाजी मनगटावर सांडली. आमच्या खात्यातले दोघं तिकडून येत होते. साहेब दिसताच ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं गेले आणि तिथूनच वाकले. हलवाईसुद्धा जिलबी देऊन दोन पावलं मागं सरला.

"बघ ना," साहेब द्रोणाकडे बघत म्हणाला, "जिथं जातो तिथं सगळे लांबच थांबतात."

मी त्याच्याकडे बघितलं. मीही लांबच उभा होतो. मास्तर आणि मिलवाला त्याच्या खांद्याला खांदा लावून खात होते आणि मी हात पुरणार नाही एवढ्या अंतरावर. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी माझ्याच पायांचा विचार करत होतो. जाजमाच्या पलीकडे तो एकटा बसतो, हे डोक्यात आलंच नव्हतं.

"मी मागं वळून बघतो म्हणून गडबड होते का?" त्यानं विचारलं.

"हो, साहेब," मी म्हणालो, आणि मास्तरला जिलबीचा ठसका लागला.

साहेब हसला नाही. "मग मी बघणार नाही," तो म्हणाला. "तू ये."

जलशाच्या दिवशी मैदानाभोवती कनाती लावल्या होत्या. साहेब स्वतः पळणार म्हणून आमचं सगळं खातं लोटलं होतं. सरिश्तेदार पगडी-अंगरख्यात पुढच्या रांगेत. शिटी वाजली. मास्तर ठरल्याप्रमाणे मागं पडला. मिलवाल्यानं निम्मं अंतर भरून काढलं आणि डंडा माझ्या हातात असा आदळला की बोटं झिणझिणली.

मी पळालो. वळण संपलं, साहेब दिसला. तो पळायला लागला होता आणि त्यानं मागं बघितलं नाही. चार पावलं उरली तेव्हा पाय मंदावायला लागले, आणि मी मनातल्या मनात पायांना अशी शिवी घातली की ती इथे लिहिता येत नाही. त्या उघड्या पंजाखेरीज मी कशाकडेही बघितलं नाही. "घे रे!" मी ओरडलो आणि डंडा त्याच्या हातात बसला.

बसला, पण आता मला थांबता येईना. इतक्या दिवसांचा ब्रेक सुटला होता. माझा पाय सरळ साहेबाच्या टाचेवर पडला. तो धडपडला, त्याचा बूट निघाला, आणि साऱ्या खात्याच्या तोंडून "अरे अरे!" असा आवाज आला. पण डंडा सुटला नाही. तो एका बुटावर पळत राहिला. पोरं ओरडत होती, "चचा, जूता! चचा, जूता तो ले लो!" पोरंच जिंकली, अर्थात. पण तो फार मागं नव्हता.

शर्यत संपताच बड्या मंडळींनी त्याला गराडा घातला आणि शामियान्यात नेलं. टाचेतून रक्त येत होतं म्हणे. मी बूट हातात घेऊन बाहेर उभा राहिलो. आत जायचं धाडस झालं नाही. थोड्या वेळानं चपराशी आला आणि माझ्या हातातून बूट घेऊन गेला.

सरिश्तेदार मला बघून म्हणाले, "काय केलंत हे?" त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. साहेबाच्या टाचेवर पाय देणारा अहलकार त्यांच्या नोकरीत दुसरा झाला नव्हता.

मधले सुटीचे दिवस मी घरात येरझारा घालून काढले. त्यानं शामियान्यात जाताना मागं वळून बघितलं नव्हतं, ते ठरल्याप्रमाणे की रागानं, याचा विचार करकरून डोकं उठलं. बायकोनं विचारलं, "मुद्दाम दिलात का पाय?"

"नाही."

"मग जेवून घ्या."

कचेरी उघडली त्या सकाळी सरिश्तेदारांनी मला बजावलं, "आत जाल तेव्हा आधी माफी मागा. फाइल नंतर."

मी दार ढकललं, मागोमाग सरिश्तेदार आले. साहेब खिडकीशी उभा होता, बाहेर बघत, पाठ आमच्याकडे. एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल, आणि टाचेला पट्टी. मी कडेशी थांबलो. सरिश्तेदारांनी नेहमीप्रमाणे फायलीसाठी हात पुढे केला. माफीचे शब्द मी वाटभर जुळवले होते, ते तोंडाशी आले.

तेवढ्यात साहेबानं, न वळता, उजवा हात मागं केला. पंजा उघडा, अंगठा बाहेर.

सरिश्तेदारांना काही कळलं नाही. ते त्या हाताकडे आणि माझ्याकडे बघत राहिले. मी पाय उचलला आणि जाजमावर ठेवला. ते इतकं मऊ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"या वेळी टाच सांभाळ," तो खिडकीकडे बघतच म्हणाला.

"सांभाळतो रे," मी म्हणालो आणि फाइल त्याच्या तळहातावर जोरात ठेवली. मागं सरिश्तेदारांचा हात अजून तसाच पुढे होता.