त्याचं नाव न घेता

इगतपुरीला रेल्वेत नोकरीला होता तो. आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. मी नाशकात शरणपूरकडच्या एका शाळेत शिकवत होते. लग्नाचं वचन त्यानंच दिलं आणि पुढं ढकललंही त्यानंच. मनात येईल तेव्हा यायचं, तोंडाला येईल ते बोलून जायचं. तो गेला की मी मेली अन्नपाणी टाकून फाटकाकडं डोळे लावून बसायचे. आई कपाळाला हात लावायची. "आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय!" मी चिडायचे. प्रेम काय असतं, हिला काय ठाऊक!

बुधवारी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थनासभा असे. प्रत्येकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची. माझी दर बुधवारी त्याच्यासाठीच: त्याची दारू सुटू दे, त्याचं मन वळव, त्याला तुझ्याजवळ आण. डोळ्यांतून पाणी वाहायचं. बायका म्हणायच्या, "काय गं बाई तुझा विश्वास!" मलाही तसंच वाटायचं, आणि खरं सांगते, बरंही वाटायचं.

एकदा सभा संपल्यावर पाळकांच्या बायकोनं, पाळकीणबाईंनी, मला थांबवून घेतलं. फटकळ बाई. म्हणाल्या, "आज त्याचं नाव न घेता प्रार्थना कर बघू. स्वतःसाठी काहीतरी माग."

त्यात काय मोठंसं! मी डोळे मिटले. "हे प्रभू," म्हटलं आणि पुढं शब्दच फुटेना. काय मागू? मला काय हवंय तेच मला ठाऊक नव्हतं. आत नुसता तोच तो. घाबरले मी, भयंकर घाबरले.

"प्रभूच्या जागी कुणाला बसवलंयस, कळलं?" बाई हळूच म्हणाल्या.

अस्सा राग आला! "तुमचा नवरा घरात आहे, तुम्हाला बोलायला काय जातंय?" मी तोंडावर म्हटलं.

"हेच प्रभूला सांग," त्या म्हणाल्या. "चिडून सांग, पण खरं सांग."

त्याच शनिवारी तो आला. काही झालंच नाही अशा थाटात दारातून म्हणाला, "चहा टाक." माझे पाय स्टोव्हकडं वळलेसुद्धा. कशीबशी थांबले.

"आता येत जाऊ नकोस," मी म्हटलं.

तो हसला. "माझ्यावाचून राहशील तू?"

"नाही जमायचं. तरी जा."

दार लावलं आणि दारालाच पाठ टेकून खाली बसले. हमसून हमसून रडले. मग मोठ्यानं म्हटलं, "प्रभू, त्यानं परत यावं असंच वाटतंय रे मला अजून. आला, तर मला उठू देऊ नकोस."